जुनी डिझेल गाडी घरी दुरुस्त करणारा गुन्हेगार नसतो, पण त्याने आधी ब्रेकचा विचार करावा



मागच्या रविवारी घराच्या ओट्यासमोर गाडीचा अल्टरनेटर बदलतानाचा फोटो टाकला आणि इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे मेसेज आले. पहिला प्रकार, "भाऊ, कसं केलं ते सांगा, माझ्याही गाडीचे लाइट पिवळे पडतात." दुसरा प्रकार, "पत्रकार असून भंगार गाडी चालवता, वर घरीच उद्योग करता, हे कायद्यात बसतं का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर वाचून ठेवा. निदान ब्रेकबद्दलचा भाग तरी वाचाच.

माझी गाडी २००४ ची. डिझेल, सात सीटर. पाटीवर अजून एमएच ०४ आहे, कारण तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. वीस वर्षांपूर्वी बिनएसीची स्वस्तातली गाडी घेतली, मग तिच्यावर एसी बसवला, म्युझिक बसवलं, मागे काच पुसायचा वायपर बसवला, मोबाइल चार्ज करायला तीन सॉकेट काढले. वीज बनवणारं यंत्र मात्र तेच, ४५ अँपिअरचं. घरात माणसं वाढली आणि चूल तीच राहिली, तसं झालं.

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेअकरा. पाऊस असा की तलावाच्या कडेचा दिवाही दिसत नव्हता, आणि दहा वाजल्यापासून वीज गेलेली. शेजारच्या आजींना धाप लागली. रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. आजींना आणि त्यांच्या मुलाला गाडीत घातलं आणि बंगलीच्या दिशेने निघालो. हेडलाइट, वायपर, आणि काचेवर वाफ धरते म्हणून एसी आणि ब्लोअर, सगळं चालू. रस्त्यात गुडघ्याला लागेल इतकं पाणी, त्यामुळे पहिला-दुसरा गिअर. पाच-सात मिनिटांत लाइट पिवळे झाले. मग वायपर म्हातारा झाल्यासारखा चालू लागला. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद मंद लागायला लागला. शेवटी एसी बंद केला, ब्लोअर बंद केला, आजींच्या मुलाने खिडकी उघडून हात बाहेर काढून काच पुसली आणि आम्ही पोचलो. आजी चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. गाडी मात्र दवाखान्याच्या दारातून पुन्हा चालूच झाली नाही. बॅटरी पूर्ण उतरली होती. सकाळी चार जणांनी धक्का मारला.

ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली. तेव्हा वाड्यांमधून म्हातारी माणसं आणि आजारी माणसं कोणी बाहेर काढली ते आठवा. होड्या होत्या, ट्रॅक्टर होते, आणि उंच चाकांच्या जुन्या डिझेल गाड्या होत्या. निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली या पट्ट्यात अशी एखादी गाडी आळीत असते. ती लग्नाला जाते, मयताला जाते, कार्तिकातल्या यात्रेला पाहुणे आणते, भाजीच्या पाट्या वाहते. कागदावर ती एकाची असते, पण हाक मारायचा हक्क सगळ्या आळीचा असतो. त्या गाडीचे लाइट रात्री बारा वाजता पिवळे पडले, तर तो फक्त मालकाचा प्रश्न राहत नाही.

आता हिशोब सांगतो. हेडलाइटचे दोन बल्ब ५५ वॉटचे, म्हणजे साधारण ९ अँपिअर. मागचे दिवे आणि डॅशबोर्ड ३. वायपर ५. ब्लोअर १०. एसीचा क्लच ४ आणि त्याचा पंखा १०. सेल्फ मारल्यावर रिकामी झालेली बॅटरी आपलं वेगळं मागते. बेरीज चाळीसच्या वर सहज जाते. तुम्ही म्हणाल, अल्टरनेटर ४५ चा आहे, मग भागायला हवं. इथेच गोम आहे. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा त्याच्या ६,००० फेऱ्यांचा असतो. पाण्यातून, ट्रॅफिकमधून, इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर जेमतेम १,६०० ते १,८०० फेऱ्या मारतो आणि तेव्हा तो निम्म्याच्याही खाली वीज देतो. उरलेली तूट बॅटरी भरते. असं बराच वेळ चाललं की बॅटरी हात टेकते. हायवेवर सुसाट जाणाऱ्या गाडीला हा त्रास जाणवत नाही. आपल्या गल्ल्यांमध्ये, नालासोपाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये जाणवतो.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पेट्रोल गाडीला ठिणगीसाठी सतत वीज लागते, त्यामुळे वीज संपली की ती जागेवर थांबते आणि तुम्हाला कळतं. जुन्या पद्धतीचा पंप असलेली डिझेल गाडी एकदा चालू झाली की जवळजवळ विजेशिवाय पळत राहते. म्हणून कितीतरी लोक लाल दिवा बघूनही "चालतंय ना" म्हणून महिनोन् महिने गाडी चालवतात. गाडी चालते, पण दिवे आणि वायपर त्या बॅटरीच्या शेवटच्या थेंबावर असतात.

त्या रात्रीनंतर मी ठरवलं, मोठा अल्टरनेटर टाकायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. परदेशातले लोक गॅरेजमध्ये तासाभरात बदलताना दिसतात. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात गेलो आणि दुसऱ्याच गाडीचा ९० अँपिअरचा अल्टरनेटर घेऊन आलो. स्वस्तात मिळाला म्हणून खूश होतो. आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, एसटीच्या डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना तो दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, लाइट लागतील झकास. ब्रेक कुठून मारणार?"

मला कळलंच नाही.

मग त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या नळीत पोकळी तयार होते, ज्याला आपण व्हॅक्यूम म्हणतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्या व्हॅक्यूमवर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तशी झडप नसते, त्यामुळे व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच्याच दांड्यावर बसवलेला असतो. इंजिनचं ऑइल एका बारीक नळीने त्यात जातं आणि दुसऱ्या जाड नळीने परत येतं. मी आणलेल्या अल्टरनेटरला मागे पंपच नव्हता. तो बसवला असता, तर वीज दुप्पट आणि ब्रेक दगडासारखे घट्ट. ब्रेक लागतो, पण पायात सगळा जोर काढावा लागतो, आणि समोर शाळेचं पोर आलं तर तेवढा वेळ नसतो.

मी जर्नालिझमचा डिप्लोमा केलेला माणूस. वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितो. "चालकाचा ताबा सुटल्याने" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की त्यातल्या काही बातम्यांच्या मागे असा एखादा स्वस्तात आणलेला पार्ट असू शकेल आणि तो कोणी तपासलाच नसेल.

शेवटी काय केलं ते सांगतो, कारण विचारणाऱ्यांना तेच हवंय.

पहिलं, मोठा घेण्याआधी आहे तो धड आहे का ते बघितलं. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, गाडी चालू असताना १३.८ ते १४.४. कमी दिसले तर आधी बेल्ट, अर्थिंगची पट्टी, कार्बन आणि गंजलेले जोड बघा. अर्ध्या लोकांचं काम इथेच होतं, नवीन काही लागत नाही. एक जुनी खोड मात्र सोडा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "डायनामो चार्ज करतो का" बघायची. खऱ्या डायनामोच्या काळात ते चालून गेलं. अल्टरनेटरमध्ये त्या एका झटक्यात डायोडची प्लेट उडू शकते.

दुसरं, त्याच इंजिनाच्या एसी मॉडेलला कंपनी जो ७५ अँपिअरचा अल्टरनेटर देत होती, तोच शोधला, व्हॅक्यूम पंपासकट. बोल्टची जागा तीच, पुलीची रेषा तीच, बेल्ट तोच. एका पट्टीच्या साध्या बेल्टवर याहून फार मोठा भार टाकू नये, तो घसरतो आणि जळतो.

तिसरं, वायर. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. जुनी वायर ६ चौरस मिलिमीटरची होती. दोन मीटर लांबीत ७५ अँपिअर गेले तर जवळपास अर्धा व्होल्ट वायरच खाते आणि तेवढी तापते. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, आणि बॅटरीजवळ १०० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज नसेल आणि ती वायर कुठे बॉडीला घासली, तर गाडी पेटते. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टीही नवीन टाकली.

चौथं, काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक पहिलं काढलं आणि सगळ्यात शेवटी लावलं. ऑइलच्या नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवीन टाकले, पंपात आधी थोडं ऑइल सोडलं. चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब होता तसाच ठेवला, कारण त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. तिथे एलईडी टाकला की कधी कधी चार्जिंगच सुरू होत नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेकची परीक्षा. गाडी बंद ठेवून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून ठेवायचा आणि गाडी चालू करायची. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर गाडी घराबाहेर काढायची नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर करून बघा, अल्टरनेटर बदललेला असो वा नसो.

मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पाना माझ्या हातात, नजर त्यांची. चार तास लागले. आता आयडलला सगळं चालू ठेवूनही १३.६ च्या खाली येत नाही.

आता दुसरा प्रश्न. कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच कलमात बदल म्हणजे काय तेही सांगितलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. इंजिन, चासी, सीट, इंधन ही झाली त्यातली ठळक उदाहरणं. त्याच इंजिनाला कंपनीनेच दिलेला मोठा अल्टरनेटर बसवणं यात येत नाही, असं माझं वाचन आहे. पण छतावर डोळे दिपवणाऱ्या दिव्यांची पट्टी लावण्यासाठी अल्टरनेटर वाढवत असाल, तर मी तुमच्या बाजूने नाही. समोरच्या दुचाकीवाल्याला आंधळं करून आपला रस्ता उजळवायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बिलं जपून ठेवा, पुढे विम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

आणि आता माझं मत, ज्यासाठी ही पोस्ट लिहिली.

जुन्या गाड्यांबद्दल सरकारला सध्या एकच गोष्ट मोजता येते, ती म्हणजे वय. १५ वर्षं झाली म्हणून २०१९ मध्ये मी नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२४ मध्ये मी तेवढी भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का, हे बघायला सात जणांची समिती नेमली. आपली वसई त्या प्रदेशात येते, हे विसरू नका. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि लोक इतके चिडले, की चार दिवसांत सरकारला हात आखडता घ्यावा लागला.

धुराचा मुद्दा खोटा नाही. माझी गाडी आजच्या बीएस-६ च्या जवळपासही जात नाही, हे मी मान्य करतो. रोज ऐंशी किलोमीटर मुंबईला जायला ती गाडी कोणी वापरत असेल, तर त्याने विचार करावा. मी स्वतः कामाला लोकलने जातो. पण महिन्यात दोन-तीनशे किलोमीटर चालणाऱ्या, नीट ठेवलेल्या गाडीची आणि रोज काळा धूर ओकणाऱ्या गाडीची फी सारखीच कशी? धूर मोजा, ब्रेक मोजा, लाइट मोजा. जी नापास होईल ती भंगारात काढा, मी स्वतः बातमी लावीन. पण जन्मतारीख बघून निकाल देऊ नका.

दुसरी बाजू गाडी बनवणाऱ्यांची. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नव्हती. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण आयोगाने जे बोट ठेवलं, ते बरोबर जागी ठेवलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही मोटारी आहेत. चांगलं पाऊल आहे. पण माझ्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मला शेवटी कुठे मिळाला? मामांच्या ट्रंकेत, हाताने काढलेला, पिवळ्या पडलेल्या वहीत.

मामा आता सत्तरीत आहेत. त्यांच्यानंतर ती वही कोणाकडे जाणार, हा मला खरा सार्वजनिक प्रश्न वाटतो. ज्ञान माणसाबरोबर गेलं की उरतो तो मोबाइलवरचा व्हिडिओ, आणि व्हिडिओ पार्ट उलटा करून मागची बाजू बघत नाही.

म्हणून तीन मागण्या करतो. लोकप्रतिनिधींना टॅग करणार आहे, तुम्हीही करा.

एक, दर मे महिन्यात महापालिकेने आणि परिवहन कार्यालयाने मिळून प्रभागवार मोफत तपासणी ठेवावी. लाइट, वायपर, चार्जिंग, ब्रेक. एका गाडीला दहा मिनिटं. दंड नाही, फक्त कागदावर लिहून द्यायचं काय बिघडलंय.

दोन, बंद झालेल्या मॉडेलचे वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्तीची पुस्तकं कंपन्यांनी सगळ्यांना खुली करावीत, आणि आयटीआयच्या मुलांसाठी ती मराठीत यावीत.

तीन, नूतनीकरणाची फी वयावर नको, तपासणीच्या निकालावर हवी.

आणि एक विनंती सगळ्यांना. घरी काम करा, जरूर करा, त्यात लाज नाही. पण पहिल्यांदा करताना एक जाणता माणूस शेजारी बसवा. गावात असे मामा असतात, त्यांना चहा पाजा, विचारा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावं आणि "मागे पंप आहे ना?" हा एक प्रश्न विचारावा.

कुर्ल्याहून आणलेला तो ९० अँपिअरचा अल्टरनेटर अजून माझ्या ओट्यावर पडलाय. विकणार नाही. कोणाला हवा असेल तर आधी गाडी घेऊन या, बॉनेट उघडू, आणि मामांना बोलावू.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ ते बारा मी मल्टिमीटर घेऊन घरीच आहे. निर्मळ आणि आसपासच्या कोणालाही आपल्या गाडीचं चार्जिंग आणि ब्रेकची ती अर्ध्या मिनिटाची परीक्षा करून घ्यायची असेल तर या. पैसे नाहीत. येताना गाडी हळू चालवा.